गेमिंग पीसी जुळवताना आधी मॉनिटरकडे पाहा

गेमिंगसाठी पीसी जुळवायचा म्हटले की पहिली चौकशी ग्राफिक्स कार्डाची होते, दुसरी प्रोसेसरची, आणि मॉनिटरचा विषय सगळी खरेदी उरकल्यावर, उरलेल्या पैशांत काय बसते ते पाहण्यापुरता निघतो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. संगणकाला दर सेकंदाला किती काम करावे लागणार हे मॉनिटर ठरवतो, आणि त्या कामाचा अंदाज हाती आल्याशिवाय कोणता भाग पुरेसा आहे व कोणता नाकापेक्षा जड मोती ठरणार आहे, हे कोणालाच सांगता येणार नाही.

मॉनिटरवर दोन आकडे महत्त्वाचे असतात. पहिला रिझोल्यूशनचा. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात, २५६० बाय १४४० च्या पडद्यावर ३६,८६,४००, तर ३८४० बाय २१६० म्हणजे ज्याला सर्रास फोर-के म्हणतात त्या पडद्यावर ८२,९४,४००. म्हणजे पहिल्या पडद्यावरून तिसऱ्यावर जाताना रंगवायचे ठिपके बरोबर चौपट होतात. दुसरा आकडा रिफ्रेश रेटचा, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवे चित्र दाखवू शकतो त्याचा. पडदा ६० हर्ट्झचा असेल तर प्रत्येक चित्र, म्हणजे प्रत्येक फ्रेम, तयार करायला संगणकाला १६.७ मिलिसेकंद मिळतात; १४४ हर्ट्झला हीच मुदत ७ मिलिसेकंदांच्या आत येते आणि २४० हर्ट्झला ४.२ मिलिसेकंदांवर. पुढचे सगळे निर्णय या मुदतीशी ताडून पाहिले की भागांच्या नावांचा आणि आकड्यांचा गोंधळ बराच कमी होतो.

या मुदतीत काय काय घडते ते पाहू. आधी प्रोसेसर कामाला लागतो. खेळाडूने कोणते बटण दाबले, गोळी कुठे लागली, शत्रू कोणत्या दिशेने वळला, भिंत कोसळली तर तिचे तुकडे कुठे पडतील, हे सगळे तो मोजतो आणि कोणत्या वस्तू कुठे काढायच्या याची यादी ग्राफिक्स कार्डाच्या हाती देतो. त्या यादीवरून प्रत्यक्ष चित्र रंगवणे हे कार्डाचे काम. कार्ड एक फ्रेम रंगवत असताना प्रोसेसर पुढच्या फ्रेमची तयारी करत असतो, त्यामुळे दोघांच्या वेळेची बेरीज होत नाही. दोघांपैकी जो हळू असेल त्याच्या गतीने खेळ चालतो.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. प्रोसेसरच्या कामाचा पिक्सेलच्या संख्येशी फारसा संबंध नसतो, कार्डाच्या कामाचा मात्र फार जवळचा असतो. समजा एखाद्या गेममध्ये प्रोसेसरला दर फ्रेमला ८ मिलिसेकंद लागतात, आणि कार्डाला १०८० च्या पडद्यावर ६ व फोर-के पडद्यावर २० मिलिसेकंद लागतात. पहिल्या पडद्यावर प्रोसेसर मागे पडतो आणि सेकंदाला १२५ फ्रेम मिळतात. दुसऱ्यावर कार्ड मागे पडते आणि ५० मिळतात. संगणक तोच, गेम तोच, पण अडचणीचा भाग बदलला. म्हणूनच ‘अमुक प्रोसेसरबरोबर तमुक कार्ड लावले तर किती टक्के बॉटलनेक होईल’ या प्रश्नाला पडदा आणि गेम विचारात न घेता दिलेले कोणतेही उत्तर मी मानत नाही.

ज्यांच्याकडे आधीच पीसी आहे आणि ज्यांना त्यातला एखादा भाग बदलायचा आहे, त्यांना पैसे खर्च करण्यापूर्वी घरबसल्या एक तपासणी करता येते. नेहमीचा गेम सुरू करावा, व्ही-सिंक (फ्रेमना पडद्याच्या रिफ्रेश रेटशी बांधून ठेवणारी सेटिंग) आणि फ्रेमवरची मर्यादा काढून टाकावी, सगळ्यात जास्त अडखळते अशा ठिकाणी उभे राहून फ्रेमचा आकडा टिपून घ्यावा. मग सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन निम्म्याच्या आसपास आणावे आणि त्याच ठिकाणी, त्याच दिशेला तोंड करून आकडा पुन्हा पाहावा. आकडा झपाट्याने वाढला तर कार्ड कमी पडत होते. तो जवळपास जिथल्या तिथे राहिला तर कार्ड बदलून काहीही साधणार नाही, कारण अडचण प्रोसेसर किंवा रॅमकडे आहे. ही तपासणी करताना कार्डाच्या वापराची टक्केवारीही पाहावी. ती ९५ च्या वर टिकून असेल तर कार्ड पूर्ण क्षमतेने राबत आहे. प्रोसेसरच्या एकूण टक्केवारीवर मात्र विसंबू नये. ८ कोर (गणिते करणारे स्वतंत्र भाग) आणि १६ थ्रेडच्या (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या धाग्यांच्या) प्रोसेसरमध्ये गेमचा मुख्य थ्रेड एकटाच पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात त्याचा वाटा फक्त ६ टक्क्यांचा दिसतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की प्रोसेसर रिकामाच बसला आहे.

आता ग्राफिक्स कार्ड. बहुतेक गेमरांच्या बजेटचा सर्वांत मोठा वाटा इथे जातो आणि तो जावा हेच योग्य आहे, पण कार्डाच्या नावाखाली बारीक अक्षरांत जे लिहिलेले असते ते वाचल्याशिवाय नाही. त्यात पहिली बाब कार्डाच्या स्वतःच्या मेमरीची, म्हणजे व्हीरॅमची. भिंतींचे पोत, कपड्यांचे तपशील, प्रकाशाची माहिती हे सगळे या मेमरीत ठेवलेले असते. ती भरली की उरलेला माल संगणकाच्या मुख्य रॅममध्ये जातो आणि हवा तेव्हा पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्ड ज्यात बसते त्या स्लॉटमधून परत आणावा लागतो. आरटीएक्स ४०६० या कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला २७२ गीगाबाइट माहिती पुरवू शकते, तर चौथ्या पिढीचा पूर्ण रुंदीचा, म्हणजे १६ लेनचा (माहितीच्या वाटांचा) स्लॉटदेखील एका दिशेने ३२ गीगाबाइटच्या आसपासच. एवढी तफावत असल्यामुळे मेमरी ओसंडली की खेळ अचानक अडखळतो, किंवा जवळ जाऊनही भिंतीचा पोत धूसरच राहतो. वाईट भाग असा की सरासरी फ्रेमचा आकडा तेव्हाही चांगला दिसू शकतो. म्हणून कार्डांची तुलना वाचताना सरासरीशेजारी दिलेला ‘१ टक्का लो’ हा आकडा जरूर पाहावा. सर्वांत संथ अशा एक टक्का फ्रेममध्ये खेळाची गती किती उरली होती हे त्यातून कळते, आणि हाताला जाणवतो तो अडखळा नेमका तिथेच सापडतो. आजच्या मोठ्या गेमसाठी १०८० च्या पडद्याला ८ गीगाबाइट ही मी किमान मर्यादा मानतो, आणि १४४० च्या पडद्यासाठी नवे कार्ड घेताना १२ च्या खाली उतरू नये असे सुचवतो.

दुसरी बाब नावाची. २०१६ साली आलेले जीटीएक्स १०६० हे कार्ड ३ आणि ६ गीगाबाइट अशा दोन रूपांत मिळत असे. फरक केवळ मेमरीचा असावा असे नावावरून कोणालाही वाटेल, पण ३ गीगाबाइटच्या कार्डात १,१५२ आणि ६ च्या कार्डात १,२८० कोर होते. म्हणजे चिपची क्षमताही वेगळी होती आणि नाव मात्र एकच. तिसरी बाब लेनची, आणि ती जुन्या मदरबोर्डवर नवे कार्ड लावणाऱ्यांना विशेष भोवते. २०२२ मधले आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड दिसायला पूर्ण लांबीच्या स्लॉटमध्ये बसते, पण त्याला प्रत्यक्षात चारच लेन आहेत. चौथ्या पिढीच्या स्लॉटमध्ये त्याचे बऱ्यापैकी निभावते. तिसऱ्या पिढीच्या जुन्या बोर्डवर मात्र ती वाट निम्म्यावर येते, आणि कार्डाची मेमरी ४ गीगाबाइटच असल्यामुळे त्याला त्या अरुंद वाटेवर वारंवार जावे लागते. स्वस्त कार्ड घेणाऱ्याकडेच जुना बोर्ड असण्याची शक्यता जास्त, हे लक्षात घेतले तर हा तपशील किती महत्त्वाचा आहे ते कळेल.

डीएलएसएस आणि एफएसआर या तंत्रांमुळे हिशोबात आणखी एक वळण आले आहे. या तंत्रांत कार्ड कमी पिक्सेलचे चित्र काढते आणि मग ते मोठे व रेखीव केले जाते. फोर-के पडद्यावर ‘क्वालिटी’ हा पर्याय निवडला तर मूळ चित्र २५६० बाय १४४० चेच काढले जाते. कार्डाचा भार हलका होतो, प्रोसेसरचा होत नाही. त्यामुळे फोर-के पडदा आहे म्हणून प्रोसेसर कसाही चालेल हा जुना सल्ला आता पूर्वीइतका खरा राहिलेला नाही. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक तयार केलेली फ्रेम घालण्याचे फ्रेम जनरेशनचे तंत्र वेगळे आहे. त्याने हालचाल नितळ दिसते, पण बटण दाबल्यापासून परिणाम दिसेपर्यंतचा वेळ कमी होत नाही. दोन कार्डांची तुलना करताना एकाचे आकडे फ्रेम जनरेशनसह आणि दुसऱ्याचे त्याविना दिलेले असतील, तर ती तुलना बाजूला ठेवावी.

प्रोसेसर निवडताना बहुतेकांचे लक्ष कोरच्या संख्येकडे आणि गीगाहर्ट्झकडे जाते. गेमसाठी ६ चांगले कोर आज भागवतात, ८ असले तर निवांत राहता येते. त्यापुढच्या कोरांचा उपयोग व्हिडिओ संपादनासारख्या कामांना जास्त होतो. गेमच्या दृष्टीने अनेकदा निर्णायक ठरते ती कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली छोटी आणि अतिशय वेगवान मेमरी. हवी ती माहिती कॅशेत नसेल तर ती रॅममधून आणायला साधारण ७० नॅनोसेकंद लागतात. हा वेळ नगण्य वाटतो, पण ४.५ गीगाहर्ट्झच्या प्रोसेसरच्या दृष्टीने ती ३०० हून अधिक ठोक्यांची, म्हणजे कामाच्या पायऱ्यांची, वाट पाहणे असते. २०२२ च्या एप्रिलमध्ये आलेल्या एएमडीच्या रायझन ७ ५८००एक्स३डी या प्रोसेसरने हे लख्खपणे दाखवून दिले. त्याच्या आधीच्या ५८००एक्सपेक्षा त्याचा वेग कमी ठेवलेला होता, कोर तेवढेच होते. फक्त चिपवर कॅशेचा आणखी एक थर चढवून ती ३२ वरून ९६ मेगाबाइट केली होती, आणि अनेक गेममध्ये तो आपल्या जुन्या भावंडाच्या बराच पुढे गेला. ज्यांना सेकंदाला १४४ किंवा २४० फ्रेम हव्या आहेत, किंवा शेकडो सैनिकांची आणि शहरांची गणिते करणारे गेम जे खेळतात, त्यांनी कोरपेक्षा कॅशेकडे आधी पाहावे.

हाच प्रोसेसर आणखी एका कारणासाठी आठवावा असा आहे. तो बसतो त्या एएम४ सॉकेटचे पहिले रायझन प्रोसेसर २०१७ मध्ये आले होते, म्हणजे पाच वर्षांपूर्वीच्या अनेक बोर्डांवर बायोस (बोर्डाचे स्वतःचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून तो लावता आला. म्हणून संगणक जुना झाला की सगळेच बदलायचे असे गृहीत धरू नये. आपल्या मदरबोर्डचे पूर्ण नाव आणि आवृत्ती शोधावी, उत्पादकाने दिलेली प्रोसेसरांची यादी पाहावी, आणि त्यात त्या प्रोसेसरसमोर बायोसची कोणती आवृत्ती दिली आहे ते वाचावे. ही आवृत्ती जुना प्रोसेसर बसवलेला असतानाच घालून घ्यायची असते, कारण नवा बसवल्यावर बोर्ड त्याला ओळखत नसेल तर पडदा काळाच राहतो.

मदरबोर्डबद्दल याहून फार सांगण्यासारखे नाही. महागड्या बोर्डामुळे फ्रेम वाढत नाहीत. सॉकेट जुळते का, रॅम कोणत्या पिढीची लागते, प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर पुरेसे धातूचे हीटसिंक आहे का आणि एम.२ चे, म्हणजे एसएसडी थेट बोर्डावर बसवण्याचे, स्लॉट किती आहेत, एवढे पाहिले की झाले. रॅमच्या पिढीबाबत मात्र सावध राहावे. एएम५ सॉकेटवर फक्त डीडीआर५ चालते, तर इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे काही बोर्ड डीडीआर४ चे आहेत आणि काही डीडीआर५ चे. दोन्हींना २८८ पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते, आणि जोर लावला तर स्लॉटच मोडतो.

रॅमविषयी बोलताना मला भाच्याचा पीसी आठवतो. कार्ड चांगले, प्रोसेसर चांगला, तरीही शर्यतीच्या गेममध्ये वळणावर गाडी क्षणभर थबकायची. झाकण काढले तेव्हा आत १६ गीगाबाइटची एकच स्टिक दिसली. प्रोसेसरकडे रॅमपर्यंत जाणारे दोन रस्ते असतात आणि एक स्टिक लावली की त्यातला एक बंद राहतो. आम्ही ८ गीगाबाइटच्या दोन सारख्या स्टिक आणून प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये बसवल्या. एकूण रॅम तेवढीच राहिली आणि वळणावरचे थबकणे गेले. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर हीच जोडी सुचवलेली असते, आणि शेजारशेजारच्या दोन स्लॉटमध्ये स्टिक लावणे ही सर्रास दिसणारी चूक आहे. आज नवा पीसी जुळवताना १६ गीगाबाइटच्या दोन स्टिक घ्याव्यात असे मी सांगेन. डीडीआर५ च्या चार स्टिक लावल्या तर वेग बऱ्याचदा खाली आणावा लागतो, म्हणून ‘दोन आता, दोन नंतर’ हा बेत टाळलेला बरा.

रॅमच्या वेष्टनावर ६००० आणि सीएल३० असे दोन आकडे असतात. पहिला वेग सांगतो, दुसरा माहिती मागितल्यापासून मिळेपर्यंत किती ठोके थांबावे लागते ते. दुसऱ्याला २००० ने गुणून पहिल्याने भागले की खरा विलंब नॅनोसेकंदांत मिळतो. ६००० च्या सीएल३० रॅमचा तो १० येतो. डीडीआर४ ची ३२०० वेगाची सीएल१६ रॅमदेखील १० वरच असते, आणि ६००० चीच पण सीएल४० असलेली रॅम १३.३ वर जाते. म्हणजे फक्त मोठा आकडा पाहून घेतलेली रॅम अपेक्षेहून संथ असू शकते. शिवाय बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमला तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग) सुरू केल्याशिवाय विकत घेतलेला वेग सहसा मिळतच नाही.

एसएसडीचा विषय लवकर संपतो. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आल्यावर पडणारा फरक प्रचंड आहे. साटाची, म्हणजे जुन्या प्रकारच्या जोडणीची, एसएसडी सेकंदाला ५५० मेगाबाइटच्या आसपास वाचते आणि चौथ्या पिढीची एनव्हीएमई, म्हणजे पीसीआय एक्स्प्रेसवर चालणारी एसएसडी, ७,००० पर्यंत, पण बहुतेक गेम उघडण्याच्या वेळेत त्या प्रमाणात फरक पडत नाही, कारण उघडताना फाइली वाचण्याइतकेच त्या उलगडण्याचे कामही असते. मधल्या दर्जाची एनव्हीएमई घ्यावी आणि वाचलेले पैसे क्षमतेवर खर्च करावेत. १ टेराबाइटच्या खाली आजच्या गेमांना जागा पुरत नाही.

एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, मात्र मी हवा तेवढा वेळ घालवायला तयार आहे, कारण सर्वाधिक नुकसान करू शकणारा भाग हाच आहे आणि सर्वांत कमी विचार करून घेतला जातो तोही हाच. त्याच्या अंगावरचे लेबल वाचायला शिकावे. गेमिंग पीसीतले प्रोसेसर आणि कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवर घेतात. म्हणून लेबलावरच्या १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे आणि त्याला १२ ने गुणावे. ३७.५ अँपिअर असतील तर ४५० वॉट झाले. वर ठळक अक्षरांत ५०० लिहिलेले आहे आणि १२ व्होल्टच्या रकान्यात २५ अँपिअर आहेत, तर तो एसएमपीएस गेमिंगच्या दृष्टीने ३०० वॉटचाच आहे. ‘८० प्लस’ ब्राँझ किंवा गोल्ड हा शिक्का भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वाया जाते एवढेच सांगतो. आतली संरक्षक मंडले कशी आहेत किंवा व्होल्टेज किती स्थिर राहते, याची हमी तो देत नाही.

किती वॉटचा घ्यावा याचे गणित अवघड नाही. समजा कार्डाला २५० वॉट लागतात, प्रोसेसरला १५० आणि बाकी सगळ्याला ७५, बेरीज ४७५. इथे मी ६५० चा घेईन. वरची जागा मुख्यतः क्षणिक उसळ्यांसाठी ठेवायची असते, कारण आधुनिक कार्डे काही मायक्रोसेकंदांसाठी आपल्या नेहमीच्या गरजेच्या जवळपास दुप्पट वीज ओढू शकतात. अशा वेळी कमकुवत एसएमपीएस स्वतःला बंद करून घेतो आणि खेळाच्या ऐन भरात पीसी विझतो. २०२२ च्या एटीएक्स ३.० या मानकात या उसळ्या सोसण्याची अट स्पष्टपणे घालण्यात आली, म्हणून नवा घेताना त्या मानकाचा घ्यावा.

आणि एसएमपीएस बदलताना जुन्या केबली कधीही वापरू नयेत. मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या काढता येणाऱ्या, एसएमपीएसच्या केबलीचे कार्डाकडचे टोक सगळीकडे सारखे असते, पण एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांचा क्रम काय असावा याचे सर्वांना बंधनकारक असे मानक नाही. एका कंपनीची केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसमध्ये सहज बसते, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन एसएसडी जळते. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही क्रम वेगळा असू शकतो. जुनी केबल नीट दिसते म्हणून तीच ठेवण्याचा मोह होतो, कारण ती कॅबिनेटच्या पाठीमागे छान बांधलेली असते. ती काढावीच.

कॅबिनेट घेताना तीन मापे तपासावीत: कार्डाची लांबी, कूलरची उंची आणि बोर्डाचा आकार. पुढच्या बाजूला सलग काच असलेल्या कॅबिनेटपेक्षा जाळी असलेले मला केव्हाही पसंत आहे, कारण गरम झालेले कार्ड आपला वेग आपोआप कमी करते. कूलर निवडताना प्रोसेसरच्या खोक्यावरच्या वॉटच्या आकड्यावर थांबू नये. कोअर आय९-१३९००के चा मूळ आकडा १२५ वॉट आहे आणि पूर्ण जोरात चालताना कंपनीनेच दिलेली मर्यादा २५३ वॉट.

सगळे जोडून झाल्यावर पहिल्यांदा बटण दाबले आणि पडदा काळा राहिला तर लगेच स्क्रू काढायला घेऊ नये. डीडीआर५ चे बोर्ड पहिल्या वेळी रॅमची जुळवणी तपासत बसतात आणि त्यात काही मिनिटे जाऊ शकतात. पंखे फिरत असतील तर तेवढा वेळ द्यावा. तरीही चित्र आले नाही तर मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावली आहे की ग्राफिक्स कार्डाला, ते पाहावे. विंडोज सुरू झाल्यावर डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट तपासावा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर तिथे अनेकदा ६० वर ठेवलेला आढळतो, आणि तो बदलेपर्यंत पुढच्या सगळ्या फ्रेम कार्ड काढत असते पण पडद्यावर त्या पूर्ण कधीच उमटत नाहीत.